फुलकिडे कोणत्या दारानं आले

१

मार्चमधल्या एका सकाळी वेन्सेलच्या फाटकाला ढोबळी मिरचीचं एक रोप उलटं टांगलेलं दिसलं. मुळं वर, शेंडा खाली. पानं चुरगळलेली, आणि त्यांच्यावर गोगलगाय फिरून गेल्यासारखे चंदेरी ओरखडे.

माझं केस कापायचं दुकान त्याच्या घरासमोरच होतं. दुकान कसलं, घराची पुढची खोली. आरसा, पूर्व जर्मनीहून आणलेली केस वाळवायची दोन यंत्रं आणि खुर्च्या. मी शटर वर केलं तेव्हा वेन्सेल रोप हातात घेऊन उभा होता.

“कुणी टांगलं रे?” मी विचारलं.

“ज्याला माझ्याशी बोलायचं नाही त्यानं,” तो म्हणाला.

ते रोप अंब्रुश बाचीच्या पॉलीहाऊसमधलं होतं. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडं बाची म्हणतात, बाईला नेनी. पण अंब्रुश बाचीला लोक नुसतं वयामुळं बाची म्हणत नसत. गावच्या मिरची बागायतदारांचा तो म्होरक्या होता. आमच्या किशहालोम गावात तेव्हा घरटी एक पॉलीहाऊस होतं. सगळ्यांची मिरची एकाच ट्रकमधून शहरात जायची, आणि ट्रकमध्ये कुणाचे खोके चढायचे हे अंब्रुश बाची ठरवायचा.

“रविवारी प्रार्थनेनंतर सभा आहे,” वेन्सेल म्हणाला. “माझं सगळं पीक उपटून जाळायचं, आणि मला ट्रकमध्ये जागा द्यायची नाही, असा ठराव येतोय.”

“का म्हणून?”

“माझी रोपं हॉलंडची ना. जानेवारीत आणली. गावात कीड शिरली ती माझ्या रोपांबरोबर, असं म्हणतात.”

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. कीड सगळ्यात आधी त्याच्याकडेच दिसली होती.

२

शुक्रवारी जिल्ह्याच्या ठिकाणाहून पीकसंरक्षण खात्याच्या डॉक्टर हेडविग आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, अंगात निळा लोकरी स्वेटर, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. गावात मुक्कामाची सोय नव्हती, म्हणून त्या माझ्याकडं उतरल्या.

माझ्या दुकानात त्यांनी आधी चारी बाजूंना नजर फिरवली. “इथं एकही कुंडी नाही?”

“केस कुरळे करायच्या औषधाचा वास फुलांना सोसत नाही,” मी म्हटलं. “लावून लावून थकले.”

त्या हसल्या. तेव्हा मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या असतील.

दुपारी त्या वेन्सेलच्या पॉलीहाऊसमधून परत आल्या. टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर मिरचीचं एक फूल झटकलं. कागदावर पिवळसर रेघा पडल्या, स्वल्पविरामाहून बारीक. मग त्यातली एक रेघ चालायला लागली.

“हे फुलकिडे,” त्या म्हणाल्या. “पानातला रस शोषतात, म्हणून पान चंदेरी दिसतं. तेर्का, यांना पंख आहेत, पण झालरीसारखे. फार लांब उडता येत नाही.”

“मग वारा नेत असेल.”

“थोडंफार नेतो. पण बघा हं.” त्यांनी माझे केसांचे चिमटे टेबलावर मांडले. “हा वेन्सेल, इकडे कीड आहे. हा त्याच्या भिंतीला भिंत लावून ल्योरिन्स, त्याच्याकडे एक किडा नाही. इकडे तुमच्या मागच्या गिझेलाकडे आहे. आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला अंब्रुश, तिकडेही आहे. वारा असा घरं निवडत फिरतो का?”

मी ल्योरिन्सचा चिमटा उचलून बाजूला ठेवला.

“आणखी एक. रोपांबरोबर आले असते तर वेन्सेलकडे सगळीकडे पसरले असते. रोपं तर सगळीकडे लावलीत. पण ते फक्त दाराजवळच्या कोपऱ्यात आहेत. आणि त्या कोपऱ्यात जमिनीवर कोरडी वर्तुळं उमटलीत, बशीएवढी.”

“वर्तुळं कसली?”

“तेच तर,” हेडविगबाई म्हणाल्या, आणि चिमटे गोळा करून माझ्या हातात दिले. “वेन्सेलकडनं अंब्रुशकडे जातं आणि ल्योरिन्सचं दार चुकवतं, असं या गावात काय आहे?”

३

शनिवार म्हणजे माझ्या दुकानात गर्दीचा दिवस. रविवारी चर्चमध्ये डोकी नीट दिसायला हवीत. हेडविगबाई कोपऱ्यात मासिक वाचत बसल्या. निदान पानं तरी उलटत होत्या.

पाद्रीणबाई शारोल्टा नेनी खुर्चीत होत्या. आमच्या पाद्र्यांची बायको, उंच, ताठ, गावातल्या सगळ्या मुलांना बायबलच्या दहा आज्ञा शिकवणारी. आठवी आज्ञा, चोरी करू नकोस, ती त्या बोट वर करून म्हणवून घ्यायच्या. मलाही तशीच शिकवली होती.

“वेन्सेलचं फार वाईट वाटतं,” त्या आरशात बघत म्हणाल्या. “त्याची आई गेल्यापासून एकटा राबतो. उपटलं तर वर्षभराचं गेलं.”

“उपटायलाच हवं, नेनी,” यंत्राखालून गिझेला ओरडली. डोक्यावर ते घरघरत असलं की तिला वाटायचं सगळेच बहिरे आहेत. “माझ्याकडे वाऱ्यानं आलं ते त्याच्याकडनंच. मी घरात काही घाण येऊ देत नाही. भाजी असो, फूल असो, आधी नळाखाली धरते.”

“उन्हाचंही असतं,” शारोल्टा नेनी म्हणाल्या. “माझी खिडकीतली फुलं गेल्या ऑगस्टमध्ये अशीच झाली. पानांवर चांदीसारखे डाग. ऊन लागलं असेल.”

मासिकाचं पान उलटायचं थांबलं.

गिझेलाचे केस वाळले तेव्हा हेडविगबाई तिला म्हणाल्या, “तुमच्याकडे कॉफी मिळेल का? तेर्काला आज सवड नाही.”

गिझेला खूष. डॉक्टरबाई आपल्या स्वयंपाकघरात बसणार म्हणजे काय. मी त्यांना सोडायला गेले आणि दोन घटका थांबले. खिडकीत काचेच्या आत जिरेनियमच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. बाहेर गटारात बर्फ होता, आणि आत पांढऱ्या पाकळ्यांवर लाल काठ असलेली फुलं डवरली होती.

“काय सुरेख आहेत,” हेडविगबाई म्हणाल्या. “कुठून आणलीत?”

“आणली कुठली? आजीच्या वेळेपासूनची आहेत.” गिझेलानं खसखशीचा रोल कापायला घेतला आणि दंड खाजवला. “या खिडकीपाशी कणीक लाटायला बसलं की काहीतरी चावतं बाई. पिसू म्हणावी तर दिसत नाही.”

“पिकाची रोपं सोडून बाहेरून कधी काही आणलंत?”

“काही म्हणजे काही नाही,” गिझेला म्हणाली. “शपथेवर सांगते.”

परतताना हेडविगबाई माझ्या दारात थबकल्या. निळ्या स्वेटरची बाही उजेडात धरली आणि भिंग डोळ्याला लावलं.

“निळा रंग त्यांना फार आवडतो,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून मी हा घालते, रोज सकाळी झटकून. तेर्का, मी आज एकाही पॉलीहाऊसमध्ये पाय ठेवलेला नाही. खरं ना?”

“सकाळपासून माझ्यापुढंच आहात.”

“मग हा इथं कसा आला?”

बाहीवर एक पिवळी रेघ चालत होती.

४

दुपारी आम्ही दोघी मुख्य रस्त्यानं फिरायला निघालो. त्या पॉलीहाऊसांकडे बघतच नव्हत्या. फक्त खिडक्यांकडे बघत होत्या.

अंब्रुश बाचीच्या खिडकीत पांढऱ्यावर लाल काठ. चर्चशेजारी पाद्र्यांच्या घरात तीच फुलं, सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी, बुंधा अंगठ्याएवढा. ल्योरिन्सच्या खिडकीत औषधाच्या बाटल्या आणि रेडिओ. बायको गेल्यावर त्यानं फुलं काढून टाकली होती.

अंब्रुश बाचीनं आम्हाला अंगणात गाठलं.

“काय डॉक्टरबाई, कीड सोडून आता पडदे तपासताय?”

“तुमची फुलं बघत होते, बाची. कुठली हो?”

“फुलं बायकांचा विषय. माझी बायको एर्झी म्हणते, तिच्या आजीची आहेत.”

“सबंध गावाला एकच आजी होती वाटतं.”

“आमच्याकडे सगळे नातेवाईकच,” तो म्हणाला. “नातं नाही ते हॉलंडच्या रोपांशी. उद्या सभेला या. काम पाच मिनिटांत उरकेल.”

तो आत गेला. हेडविगबाई माझ्याकडे वळल्या. “तेर्का, तुम्ही इथल्याच. ही फुलं कुणाच्या आजीची नाहीत. असला वाण मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुठं बघितलाच नव्हता. मग सगळे खोटं का बोलताहेत?”

मला हसू आलं. बाहेरच्या माणसाला हे समजावणं कठीणच.

“खोटं नाही हो. फांदी चोरलेली असली की असंच सांगायचं असतं. जिरेनियमची फांदी मागून आणली तर ती रुजत नाही. चोरूनच आणायची. मालकिणीला कळू द्यायचं नाही, आभार मानायचे नाहीत, आणि नंतर कधी तोंडातून काढायचं नाही. काढलं तर वाळते.”

“आणि चोरतात कधी?”

“ऑगस्टमध्ये. तेव्हा फांद्या लवकर धरतात.”

“मालकिणीला खरंच कळत नाही?”

“कळतं की. तिनंही कुणाची तरी चोरलेली असते.”

हेडविगबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. “आणि मार्चमध्ये? थंडी संपत आली की या कुंड्या थेट बाहेर ठेवता?”

“छे, मरतील. आधी पॉलीहाऊसमध्ये, दाराजवळ. ऊब आणि उजेड अंगवळणी पडला की मग बाहेर.”

बोलता बोलता मला ती कोरडी वर्तुळं आठवली, बशीएवढी. कुंडीच्या बुडाएवढी.

“पण वेन्सेल एकटा पुरुष आहे,” मी म्हटलं. “त्याच्याकडे एक फूल नाही.”

आम्ही सरळ त्याच्याकडे गेलो. तो आतमध्ये रोपांना दोऱ्या बांधत होता. जमिनीतलं गरम पाणी नळ्यांतून खेळवलेलं, त्यामुळं आत मे महिन्यासारखं वाटत होतं. गावात सगळ्यात आधी त्याचंच पॉलीहाऊस तापायचं.

“इथं कुंड्या कुणाच्या होत्या?” हेडविगबाईंनी विचारलं.

वेन्सेलचे हात थांबले. “तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा बाहेरून रोपं आणली का, असं विचारलं होतं. फुलं म्हणजे काय रोपं? ती ठेवायला कुणी परवानगी मागत नाही. माझ्या आईच्या वेळेपासून...” तो मध्येच थांबला. त्याच्याही लक्षात आलं होतं.

“गिझेलाच्या,” मी म्हणाले.

“मी नाव घेतलेलं नाही,” तो म्हणाला. “आणि तूही घेऊ नकोस, तेर्का. माझी आई अंथरुणावर होती तेव्हा रोज दुपारी त्या बाईनं सूप आणून दिलं. तिचं नाव सभेत निघालं तर ट्रकमधून तिला काढतील. तिचा नवरा काम करू शकत नाही. मला काढलं तर मी एकटाच आहे, कुठंही जाईन.”

“तुझं पीक जळेल रे.”

“जळू दे,” तो म्हणाला. पण दोरी बांधायला घेतली तेव्हा त्याची गाठ बसेना.

५

त्या संध्याकाळी हेडविगबाईंनी माझ्या टेबलावर सगळं उलगडून ठेवलं.

“हा किडा आपल्या हिवाळ्यात उघड्यावर टिकत नाही. जमीन गोठली की संपतो. त्याला नवं गाव वसवायला एवढंच लागतं, एक उबदार स्वयंपाकघर आणि एक फूल. एकटी मादी आली तरी भागतं, तेर्का. नर भेटलेला नसला तरी ती अंडी घालते. त्यातून नर निघतात, आणि तिथून वंश पुढं चालतो.”

“पण गिझेला फांदी नळाखाली धुते.”

“अंडी पानावर नसतात. पानाच्या आत असतात. कितीही धुवा.”

“मग सुटला की वेन्सेल,” मी म्हटलं.

“नाही सुटला. उद्या अंब्रुश म्हणेल, कीड वेन्सेलच्या पॉलीहाऊसमधून गिझेलाच्या फुलांवर गेली, आणि तिथून पुढं. आधी कोण, हे मला सिद्ध करता येत नाही. हॉलंडची रोपं जानेवारीत आली. त्याच्या आधी ही कीड गावात होती, असं सांगू शकणारी एकच व्यक्ती आहे.”

मला आरशातला तो ताठ चेहरा आठवला. गेल्या ऑगस्टमध्ये, पानांवर चांदीसारखे डाग.

“शारोल्टा नेनी,” मी म्हणाले. “त्या सांगतील की. खोटं त्या बोलत नाहीत.”

“तेवढ्यानं भागणार नाही. लोक विचारतील, मग तुमच्याकडे ती फुलं कुठून आली?” हेडविगबाईंनी कप उलटा ठेवला. “मघाशी एकटीच चर्चशेजारून आले तेव्हा मी त्यांना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, आजीच्या वेळेपासूनची.”

६

रविवारी सभागृह भरलं. बायका मागं, पुरुष पुढं, पाद्री आणि शारोल्टा नेनी पहिल्या रांगेत. वेन्सेल भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या शेजारच्या खुर्च्या मोकळ्या होत्या.

अंब्रुश बाचीनं ठराव वाचला आणि वर बघितलं. “कुणाला काही बोलायचंय? डॉक्टरबाई?”

हेडविगबाई उठल्या. कुणाचं नाव न घेता त्यांनी सगळं सांगितलं: दाराजवळचा कोपरा, सुटलेलं घर, स्वेटरवरचा किडा, पांढऱ्यावर लाल काठ. बोलत होत्या तसतशी मागच्या रांगांत माना खाली जात होत्या. एर्झीनं रुमाल काढून नाक पुसलं. गिझेला स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

“म्हणून मी विचारते,” त्यांनी शेवटी म्हटलं. “ही फुलं गावात कुठून आणि कधी आली, हे कुणी सांगेल?”

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीवरून घसरून पडली, तेवढाच आवाज.

“आजीची आहेत, झालं की,” अंब्रुश बाची म्हणाला. “हात वर करा. ठरावाच्या बाजूनं...”

“थांबा, अंब्रुश.”

शारोल्टा नेनी उठल्या होत्या. काळे लोकरी हातमोजे घातलेल्या हातांत पर्स पोटाशी घट्ट धरलेली.

“माझी फुलं माझ्या आजीची नाहीत. अठ्ठ्याऐंशीच्या शरदात आपण सगळे बसनं व्हिएन्नाला गेलो होतो. पश्चिमेकडं जाऊ देणारे नवे पासपोर्ट पहिल्यांदाच मिळाले होते, सगळ्यांना डीप फ्रीझर हवे होते. आठवतंय?”

आठवत तर होतंच. परतताना बसच्या छपरावर फ्रीझर दोरीनं बांधलेले होते.

“तुम्ही सगळे दुकानात होता. मी एका कॉफीच्या दुकानाबाहेर बसले होते. खिडकीत ही फुलं होती. असली फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. वेटर आत गेला. मी एक फांदी मोडली. ओल्या रुमालात गुंडाळली आणि या पर्समध्ये ठेवली. सीमेवर शिपायानं प्रत्येक फ्रीझर उघडून बघितला. माझ्याकडं बघून तो म्हणाला, पाद्रीणबाई, तुम्ही बसून राहा.”

कुणीतरी खोकलं. पाद्री समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांनाही हे त्याच क्षणी कळत होतं.

“पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली. ऑगस्टमध्ये पानांवर चंदेरी डाग पडले. त्याच ऑगस्टमध्ये माझ्या फांद्या एकेक करून कमी झाल्या.” त्यांनी मागं वळून बघितलं नाही. “तेव्हा वेन्सेलची रोपं हॉलंडमध्ये पेरलीसुद्धा नव्हती. कीड मी आणली. जाळायचं असेल तर माझ्या खिडकीपासून सुरुवात करा.”

त्या बसल्या नाहीत. मुलांकडून आज्ञा म्हणवून घेताना उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या.

मग मागून गिझेलाचा आवाज आला. डोक्यावर यंत्र नव्हतं तरी ती ओरडूनच बोलली. “मी चोरली, नेनी. आणि कुंड्या मी वेन्सेलकडे ठेवल्या, ओरड झाल्यावर परत नेल्या. तो मूर्ख बोलला नाही.”

“मीपण,” एर्झी म्हणाली. “अंब्रुशला माहीत होतं.”

सभागृहात पहिल्यांदा हसू फुटलं. अंब्रुश बाचीच्या कानांच्या पाळ्या ढोबळी मिरचीसारख्या लाल झाल्या. त्यानं ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला.

“हात वर करायची गरज दिसत नाही,” तो म्हणाला. मग बराच वेळ घसा खाकरून, वेन्सेल उभा होता त्या भिंतीकडे न बघता म्हणाला, “वेन्सेल, बुधवारी ट्रक लवकर सुटतो. खोके वेळेवर आण.”

७

ती लाल काठाची फुलं आम्ही तिसा नदीच्या काठावर जाळली. शारोल्टा नेनींनी आपली कुंडी स्वतः आणून टाकली. पॉलीहाऊसांमधले दाराजवळचे कोपरे उपटले, माती तापवली, सगळीकडं निळे चिकट कागद टांगले. हेडविगबाई उन्हाळाभर येत राहिल्या. वेन्सेलचं बाकीचं पीक वाचलं.

त्या वर्षी खिडक्या फार ओक्याबोक्या दिसायच्या. मला तर गाव आजारातून उठल्यासारखं वाटायचं. पुढच्या वसंतात वेन्सेलनं आपल्या पॉलीहाऊसच्या एका कोपऱ्यात लाल जिरेनियम वाढवली, आपली साधी, जुनी. हेडविगबाईंनी पान न् पान तपासून दिलं. मग त्यानं फाटकाबाहेर टेबल मांडलं, त्यावर कुंड्या ठेवल्या, आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, कुणीही घेऊन जा.

कुणी नेली नाही. बायका येता-जाता बघायच्या, पुढं जायच्या. मी खिडकीतून बघत होते. तो रोज कुंड्यांना पाणी घालायचा आणि दिवसेंदिवस त्याचा चेहरा उतरत चालला होता.

“माझ्यावर अजून राग आहे त्यांचा,” तो एकदा केस कापून घेताना मला म्हणाला.

“राग नाही रे बाबा,” मी म्हटलं. “तू देतोयस, म्हणून. ते टेबल आत घे. कुंपणाच्या आत ठेव, आणि वर थोडी तार लाव.”

त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघितलं. मग हसत सुटला, इतका की मला कात्री बाजूला ठेवावी लागली.

त्यानं तार लावली. दुसऱ्या सकाळी मी शटर वर केलं तेव्हा तो फाटकाशी उभा होता, गेल्या वर्षीसारखाच. टेबलावर कुंड्या होत्या, पण प्रत्येकीची एक एक फांदी मोडलेली होती. आणि तारेच्या टोकाला पाद्रीणबाईंच्या काळ्या हातमोज्याचा लोकरीचा धागा अडकलेला होता.

वेन्सेलनं तो धागा काढला, खिशात ठेवला, आणि त्याबद्दल कधी कुणाशी चकार शब्द काढला नाही.